ज्वारीचे पाणी

जुन्या ग्रंथांत कधी कधी एखादे वाक्य असे भेटते, की लिहिणारा माणूस आपल्याच बांधावर बसून बोलतो आहे असे वाटावे. थिओफ्रास्टस हा ग्रीक पंडित अॅरिस्टॉटलचा शिष्य, आणि गुरूच्या मागे त्याची अथेन्समधली पाठशाळा सांभाळणारा. इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास त्याने वनस्पतींवर दोन मोठे ग्रंथ लिहिले. त्यांपैकी एकात हरभऱ्याचा विषय निघतो तेव्हा तो सांगतो, की बाकीची कडधान्ये जमिनीला उभारी देतात, हरभरा मात्र तिला दमवतो. पण हरभरा तण मारतो, आणि सगळ्यांत आधी मारतो तो सराट्याला.

सराटा म्हणजे तोच हो, अनवाणी पायात घुसणारा आणि सायकलचे चाक बसवणारा. आमच्या सोलापूरकडच्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. हरभरा आणि सराटा ही जोडी सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये कुणी तरी नीट पाहून लिहून ठेवली आहे, हे वाचून मला फार गंमत वाटली. हरभऱ्याच्या पानांवर रात्री आंब धरते. पूर्वी थंडीच्या दिवसांत हरभऱ्यावर स्वच्छ धुवट फडके पसरून ठेवत आणि पहाटे दवाने भिजलेले ते फडके पिळून आंब बाटलीत भरत. पोटदुखीवर घरोघरी ती असायची. त्या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. ती थेंब थेंब खाली मातीत उतरत असतील तर तिथल्या बियांना काही होत असेल का, हा प्रश्न मला आता पडतो. लहानपणी आंब चाटताना पडला नव्हता.

थिओफ्रास्टसच्या म्हणण्यातला पहिला भाग मात्र चुकीचा होता. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, हे १८८० च्या दशकात हेलरिगेल आणि विलफार्थ या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे हरभरा जमिनीला दमवत नाही, उलट तिला देऊन जातो. दुसरा भाग खरा की खोटा, हे भांडण अजून पुरते मिटलेले नाही. आजचा लेख त्या भांडणाबद्दल आहे. एक वनस्पती दुसरीला उगवू देत नाही असे खरेच घडते का? आणि घडत असेल, तर तिचा अर्क काढून, फवारून, तणाचे बी मातीतच थोपवता येईल का?

हे सगळे काढून बसायला निमित्त झाली माझी भावजय. भाऊ गेल्यापासून शेत तीच पाहते. मागच्या वर्षी कुणी तरी तिला एक बाटली विकली. वर झाडाच्या पानाचे चित्र, 'वनस्पतिजन्य अर्क' अशी अक्षरे, आणि तण उगवणारच नाही अशी हमी. आत काय आहे ते कुठेच लिहिलेले नाही. तिने फोनवर विचारले, "वन्सं, तुम्ही एवढं वाचता, हे खरं असतं का हो?" मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, वनस्पतिशास्त्र नव्हे. पण एखादी गोष्ट किती काळापासून आणि कशी खरी मानली गेली, मध्येच खोटी का ठरली आणि पुन्हा खरी कशी झाली, हे शोधणे हा इतिहासाचाच भाग. तेवढे मला करता येते.

तर मधली बरीच शतके सोडून देऊ आणि १८३२ सालात येऊ. जिनिव्हाचे द कांदोल हे त्या काळातले फार मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी असे मत मांडले, की मुळे जमिनीतून नुसती घेत नाहीत, नको असलेले बाहेरही टाकतात. हे टाकाऊ द्रव्य त्याच जातीच्या पुढच्या पिकाला बाधते, दुसऱ्या जातीला बाधत नाही, आणि म्हणून पिकांची फेरपालट करावी लागते. त्यांच्या सांगण्यावरून माकेर नावाच्या गृहस्थांनी झाडे पाण्यात ठेवून प्रयोग केले. घेवड्याची रोपे ज्या पाण्यात राहिली त्यात पुन्हा घेवडा नीट वाढेना, पण गहू छान वाढला, असे त्यांनी कळवले. किती सुबक उत्तर! शेतकरी हजारो वर्षे जे करत आले त्याला एका फटक्यात कारण सापडले.

पण इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा तसे काही दिसेना. त्यातच लीबिग आला. जर्मनीचा हा रसायनशास्त्रज्ञ म्हणजे आजच्या रासायनिक खतांचा एक मूळपुरुष. १८४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत त्याने कांदोलचे मत उचलून धरले होते, हे पुष्कळांना माहीत नसते. पुढे त्याचे मन बदलले. जमीन थकते ती विषाने नव्हे, खनिजे संपल्याने, असा हिशेब त्याने मांडला आणि तो हिशेब इतका जोरकस होता की 'मुळांचे विष' ही कल्पना पन्नास-साठ वर्षे अडगळीत पडली. विज्ञानातही सासू-सून असतेच. एकीचे राज्य आले की दुसरीची भांडी माळ्यावर जातात.

या विद्येला नाव मिळाले ते १९३७ साली. ऑस्ट्रियाचे हान्स मोलिश यांनी ग्रीक भाषेतले 'एकमेकांना' आणि 'सोसणे' हे दोन शब्द जोडून 'अॅलिलोपथी' हा शब्द घडवला. या मोलिशांबद्दल मला वेगळीच आपुलकी वाटते. एक तर ते जपानात सेंदाईला प्राध्यापक होते. (त्याच जपानात सतराव्या शतकात कुमाझावा बानझान या विद्वानाने लिहून ठेवले होते, की लाल पाइनच्या पानांवरून ओघळणारे पावसाचे पाणी खालच्या पिकाला बाधते.) आणि दुसरे, १९२८ च्या सुमारास ते कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत काही महिने राहून काम करून गेले आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. वय सत्तरीच्या पुढे! मोलिशांच्या १९३७ च्या पुस्तकातले मुख्य प्रयोग कुठल्या विषारी मुळांचे नव्हते, तर पिकलेल्या सफरचंदांचे होते. सफरचंदे झाकून ठेवली आणि शेजारी कोवळी रोपे ठेवली, तर त्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने रोपांची वाढ बिघडते. आंब्याची अढी लावणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. एक आंबा पिकला की शेजारचे पिकतात, ते याच वायूमुळे. हा इथिलीन लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आता ज्वारीकडे वळू. आमचा मुलूख ज्वारीचा. मालदांडी ही आमच्याकडची, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली तिची ३५-१ ही जात अजून शेतात आहे. ज्वारीनंतर त्याच रानात दुसरे पीक दबते, हे आमच्याकडचे म्हातारे सांगत. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनाही तोच अनुभव आला, आणि १९२४ साली ब्रीझील या संशोधकाने ज्वारीच्या या मागाहून होणाऱ्या उपद्रवावर निबंध लिहिला. विष की उपासमार? १९२७ साली कॉनराड यांनी उपासमारीच्या बाजूने पुरावा दिला. ज्वारीच्या मुळांत साखर पुष्कळ असते, पीक काढल्यावर ती मुळे कुजू लागली की जिवाणू त्या साखरेवर तुटून पडतात, आणि वाढताना जमिनीतला नत्र स्वतःच गिळून टाकतात. पुढच्या पिकाला राहतो ठणठणाट. विषाचा थेंबही न लागता पीक पिवळे पडते. मला हे उत्तर फार आवडते, कारण बाटलीवाल्यांनी ते कधीच वाचलेले नसते.

मिलो ही अमेरिकेतली तांबडी ज्वारी. १९७२ च्या दुष्काळात तीच आमच्या पोटात गेली. मूळची आफ्रिकेची ज्वारी, आपल्याकडे येऊन चार हजार वर्षांच्या आसपास झाली असतील, ती तिकडून अमेरिकेत गेली आणि आमच्या ताटात तांबडी होऊन आली. तेव्हा मी कॉलेजात होते. त्या भाकरीची चव सांगण्यासारखी नव्हती, पण तिला नावे ठेवणारा माणूस गावात मला भेटला नाही.

माझी आई दुसऱ्यांच्या रानात खुरपणीला जाई. सात-आठ बायका एका ओळीत उकिडव्या बसायच्या आणि दिवसभर तशाच पुढे सरकायच्या. उभे राहायची सवड नाही, कारण ओळीत मागे पडले की मुकादमीण बोलते. संध्याकाळी आई ओट्यावर बसली की पाय लगेच सरळ होत नसत. आधी हाताने एक गुडघा धरून लांब करायचा, मग दुसरा. पदरात मात्र काही ना काही असायचे. चाकवत, तांदुळजा, घोळ. मालकाला जे तण, ते आमच्या रात्रीच्या जेवणातले कालवण. म्हणून 'तणाचे बी उगवूच नये' असे कुणी म्हणाले की माझे मन दोन बाजूंना ओढले जाते. खुरपणीने बायकांची गुडघी गेली हे खरे, आणि खुरपणीच्या मजुरीवर पोरांची शिक्षणे झाली हेही खरे. माझे त्यांतच झाले.

ज्वारीच्या मुळात नेमके काय आहे, हे १९८६ साली कळले. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात नेट्झली आणि बटलर यांना ज्वारीच्या कोवळ्या मुळांच्या केसांवर तेलकट थेंब दिसले. पाण्यात न विरघळणारे, पिवळसर. त्यातल्या मुख्य द्रव्याला नाव पडले सॉरगोलिऑन. ते दुसऱ्या रोपाच्या कोवळ्या कोंबात गेले की सूर्यप्रकाशावर अन्न बनवण्याचे काम एका ठरावीक जागी अडकते. आणि ती जागा कुठली? अॅट्राझिन हे तणनाशक जिथे जाऊन बसते, तीच. माणसाने कारखान्यात १९५० च्या दशकात जे बनवले, त्याच कुलपाची दुसरी किल्ली ज्वारीच्या मुळाशी आधीपासून होती. ते अॅट्राझिन विहिरींच्या पाण्यात उतरते म्हणून युरोपीय संघाने २००४ साली बाद ठरवले.

आता अर्काची खरी गोष्ट. ती घडली पाकिस्तानातल्या फैसलाबादला, तिथल्या कृषी विद्यापीठात. प्रा. चीमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ज्वारीच्या वाळल्या धाटांचा अर्क गव्हावर फवारून पाहिला. कृती इतकी साधी की आपल्या कुणालाही जमावी. वाळलेली धाटे बारीक कापायची, एक भाग धाटांना दहा भाग पाणी, चोवीस तास भिजवायचे, गाळायचे. त्याला त्यांनी नाव दिले 'सॉरगाब'. सॉरघम आणि आब. पंजाबातला 'आब' तोच, गुलाबातलाही तोच. फारसीत आब म्हणजे पाणी. निम्मा इंग्रजी, निम्मा फारसी असा हा शब्द मराठीच्या मास्तरणीला आवडल्याशिवाय कसा राहील? 'ज्वारीचे पाणी' हे शीर्षक मी तिथूनच घेतले.

गहू पेरल्यावर तीस आणि साठ दिवसांनी असा दोनदा हा अर्क फवारला. त्यांनी २००० साली छापलेल्या निबंधात आकडे आहेत: तणाचे वजन ३५ ते ४९ टक्के कमी झाले आणि गव्हाचे उत्पन्न १० ते २१ टक्के वाढले. आकडे प्रामाणिक आहेत, म्हणून मला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. सगळे तण गेले असे ते म्हणत नाहीत. निम्म्याहून जास्त तण शेतात उभेच होते. पुढे त्यांनीच असा मार्ग काढला, की अर्क आणि तणनाशक एकत्र वापरायचे आणि तणनाशकाची मात्रा घटवायची. म्हणजे अर्काने रसायनाला हुसकावले नाही, थोडे बाजूला सरकवले.

यात एक गोष्ट नीट पाहायला हवी. हा फवारा बहुतेक उगवून आलेल्या तणावर होता. बी उगवूच न देणे ही त्याहून अवघड गोष्ट. प्रयोगशाळेत ती सोपी दिसते. काचेच्या बशीत टिपकागद, त्यावर शंभर बिया, वर अर्क. साध्या पाण्यात नव्वद उगवतात, अर्कात वीस. झाले, निबंध तयार. असे निबंध जगभर आणि आपल्या विद्यापीठांतही ढिगाने निघाले आहेत: कडुनिंब, निलगिरी, झेंडू, सुबाभूळ, काय हवे ते घ्या. पण कुठलेही दाट द्रावण बीवर ओतले की बीला पाणी ओढता येत नाही. मिठाचे ओता, साखरेचे ओता, उगवण घटतेच. त्याला विष लागत नाही. शिवाय बशीत माती नसते. आमच्या काळ्या मातीतली चिकण अशी द्रव्ये घट्ट धरून ठेवते, आणि जे सुटे राहते ते जिवाणू काही दिवसांत खाऊन टाकतात. अर्क फारच पातळ झाला तर उलटेही होते, बी जोमाने उगवते. आणि अर्काला डोळे नाहीत. चाकवताचे बी कुठले आणि गव्हाचे कुठले हे त्याला कोण सांगणार?

'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे तर मी ऐकूनच घेत नाही. कोवळ्या ज्वारीत शिरलेले जनावर तासाभरात तडफडून मरते, हे आमच्याकडच्या दहा वर्षांच्या गुराख्यालाही ठाऊक असते. त्या कोवळ्या पानांतून सायनाइड तयार होते. ज्वारीही नैसर्गिकच की.

या विषयातली माझी सगळ्यांत आवडती गोष्ट सशांची आहे. कॅलिफोर्नियात सान्ता बार्बरा इथे कॉर्नेलियस मुलर हे प्राध्यापक. तिथल्या टेकड्यांवर साल्विया नावाची सुगंधी झुडपे आहेत, आपल्या तुळशीच्या कुळातली. प्रत्येक झुडपाभोवती एक-दोन मीटर जमीन अगदी उघडी, मग पुढे गवत. वरून पाहिले तर जणू कुणी शेणाने सारवून काढावे तशी कडी. १९६४ साली मुलर यांनी सांगितले, की या पानांतून कापूर आणि सिनिओलसारखी द्रव्ये हवेत उडतात, मातीत उतरतात, आणि गवताचे बी तिथे उगवू देत नाहीत. त्यांचे फोटो पाठ्यपुस्तकांत गेले. पुढे १९७० साली बार्थोलोम्यू नावाच्या तरुण संशोधकाने त्या उघड्या पट्ट्यांवर तारेच्या जाळीचे पिंजरे ठेवले. काही महिन्यांनी पाहतो तो काय, पिंजऱ्याच्या आत गवत उगवलेले! बाहेर तशीच उघडी जमीन. झुडपांच्या आडोशाला ससे आणि उंदीर राहात होते. ते झुडपापासून फार लांब जायला भीत, आणि जवळचे सगळे कुरतडून टाकत. पट्टी जेवढी रुंद, तेवढी सशाची हिंमत.

मुलर यांनी हे पूर्णपणे मान्य केले नाही, आणि कापराचा काहीच वाटा नव्हता असेही कुणी सिद्ध केलेले नाही. पण तारेच्या चार पिंजऱ्यांनी एक सुंदर गोष्ट जमिनीवर आणली. मी मुलांना इतिहास शिकवताना म्हणायची, की पुरावा असला तरी तो दुसऱ्या कशाचा पुरावा असू शकेल का ते विचारा. ही गोष्ट तेव्हा माहीत असती तर धड्यात घेतली असती.

आपल्याकडेही अशी एक पाठ्यपुस्तकी कथा आहे. गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, अमेरिकेच्या पी.एल. ४८० च्या गव्हातून आले असे सगळे सांगतात. ते पुण्यात नजरेला आले १९५५ साली, आणि १९५६ साली तशी नोंद छापली गेली. पी.एल. ४८० चा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे पाहुणा गाडीच्या आधी पोचला! त्याआधी १९५१ मध्येही अमेरिकेचा गहू आला होता, त्यातून आले असेल. आणि रॉक्सबर्ग यांच्या कलकत्त्याच्या बागेच्या १८१४ च्या यादीत या वनस्पतीचे नाव आहेच. पण ते असो. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे हे, की गाजर गवत स्वतःच या विद्येत पटाईत आहे. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने माणसाच्या अंगाला खाज सुटते आणि इतर बियांची उगवणही दबते. त्याच्यावर उतारा म्हणून कर्नाटकात कॅसियाची झुडपे लावून पाहिली गेली, ज्यांच्या पानांच्या निचऱ्याने गाजर गवताचे बी दबते. दाट वाढून ती सावली धरतात, हेही खरे. यातले अर्काचे श्रेय किती आणि सावलीचे किती, हे वेगळे काढायला पुन्हा पिंजरेवाला कुणी तरी लागेल.

अर्कातून खरोखर बाजारात पोचलेली वस्तू एकच चांगली माहीत आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका रसायन कंपनीच्या संशोधकाला आपल्या अंगणातल्या बॉटलब्रशच्या झाडाखाली तण कमी दिसले. (पुण्याच्या बंगल्यांसमोर लाल कुंचल्यांसारखी फुले लटकतात, तेच झाड.) त्यातले द्रव्य निघाले लेप्टोस्पर्मोन. पण ते इतके सौम्य, की शेताला पुरेल एवढे फवारणे अशक्य. मग रसायनज्ञांनी त्याच्या रेणूत इकडचे तिकडे केले, अनेक भावंडे बनवली, आणि २००१ साली मेसोट्रायोन हे तणनाशक मक्यासाठी विक्रीला आले. झाडाने दाखवले, कारखान्याने केले. त्या डब्यावर पानाचे चित्र काढले तर ते खरे म्हणायचे की खोटे?

भावजयीला मी एवढे सगळे सांगितले नाही. म्हटले, बाटली बाजूला ठेव, कडब्याचे पाणी कर आणि गव्हाच्या सहा वाफ्यांवर पाहा. दोन वाफ्यांवर अर्क, दोनांवर नुसते पाणी, दोन तसेच. आणि चौकट ठेवून तण मोज, नजरेने ठरवू नको. ती मला म्हणाली, "कडब्याचं पाणी करू म्हणता, आणि जनावरांनी काय खायचं?" बरोबरच आहे तिचे. आमच्याकडे कडब्याला मोल आहे, शहरातल्या निबंधात त्याला 'अवशेष' म्हणतात. तरी तिने उंदरांनी खराब केलेला एक पेंडा काढून केले. अर्काच्या वाफ्यांत चाकवत थोडा कमी दिसला. हरळी आणि लव्हाळा यांना काही म्हणता काही झाले नाही, आणि व्हायचेही नव्हते. हरळी काशांनी पसरते, लव्हाळा गाठींनी. बी थोपवून त्यांचे काय अडणार? दोन वाफ्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, खुरपायला बायका आल्या तेव्हा दोन्ही वाफ्यांना तेवढाच वेळ लागला.

आणि बी किती चिवट असते! अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील यांनी १८७९ साली २१ जातींच्या पन्नास-पन्नास बिया वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरल्या आणि पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढतात, तीही रात्री, बियांना उजेड लागू नये म्हणून. २०२१ साली, १४२ वर्षांनी काढलेल्या बाटलीतल्या काही बिया उगवल्या. पुढची बाटली २०४० साली काढायची आहे. अशा सवडीने बसलेल्या बीसमोर चोवीस तास भिजवलेल्या अर्काचा मुक्काम किती दिवसांचा?

म्हणूनच मला दुसरी युक्ती जास्त हुशारीची वाटते: बी थोपवायचे नाही, अवेळी जागे करायचे. ज्वारीच्या मुळावर जगणारे टारफुला नावाचे तण आहे. त्याची बी धुळीएवढी बारीक, आणि ज्वारीच्या मुळाचा सुगावा लागल्याखेरीज ती वर्षानुवर्षे उगवत नाही. हा सुगावा म्हणजे एक द्रव्य. १९६६ साली ते प्रथम वेगळे काढले गेले, पण ज्वारीच्या नव्हे, कपाशीच्या मुळांतून. कपाशीवर टारफुला जगू शकत नाही. म्हणजे कपाशीने हाक मारली, बी उगवली, पाहते तर घर भलतेच, आणि चार दिवसांत मेली. मुळे मुळात ही हाक मारतात कशासाठी, हे २००५ साली जपानी संशोधकांना उमगले: जमिनीतल्या उपयोगी बुरशीला बोलावण्यासाठी. ती हाक टारफुल्याने ऐकली.

१९५६ साली अमेरिकेतल्या कॅरोलायनात टारफुला सापडला तेव्हा तिकडे हाहाकार झाला. पुढे असे दिसले, की इथिलीन वायूनेही टारफुल्याची बी जागी होते. मोलिशांच्या सफरचंदांचा तोच वायू. मग नळ्यांनी तो जमिनीत सोडून, ज्वारी-मका नसताना बी उगवून मारण्यात आले. आणि इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांनी पर्ड्यूलाच ज्वारीच्या अशा जाती तयार केल्या, ज्यांतल्या काहींची हाक टारफुल्याला ऐकूच जात नाही. त्यासाठी २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. आफ्रिकेत लाखो घरांची भाकरी या एका तणावर अडते.

आमच्याकडे टारफुला पूर्वीएवढा राहिलेला नाही. यंदा भावजयीच्या ज्वारीत बांधालगत पाच-सहा झाडे निघाली, बारीक पांढऱ्या फुलांची. तिने ती बी धरायच्या आत उपटली आणि चुलीत घातली.